अण्णांचा वाफा

केतकी खैरनार त्या शेतावर वर्षभरात एकदाही गेली नव्हती. दर शनिवारी सकाळी 'काळी आई सहकारी संस्थे'ची निळी टोपली घरपोच यायची, तीत आठवड्याची भाजी असायची आणि तिची मुलगी रेवा ती भाजी खाऊन ठणठणीत होती. सगळं सुरळीत चाललंय तोवर उगाच चौकशा कशाला, असं केतकीचं होतं.

त्या गुरुवारी मात्र ती मुद्दाम रजा टाकून गेली. रविवारी अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. स्वयंपाकाला गवार, कारलं, अळू, लाल भोपळा एवढं तरी लागणार, आणि टोपलीत नेमकं तेच येईल याचा भरवसा नव्हता.

शेत नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध होतं. फाटकाशी छोटी कचेरी आणि आत पडद्यासमोर बसलेली एक चुणचुणीत मुलगी. तिने सभासद क्रमांक टाकला, पडद्यावर आलं ते वाचलं आणि एकदम अदबीने उभी राहिली.

"वर्षश्राद्धाला नेताय ना, ताई? मग तुमच्याच वाफ्यातलं देते. लोक मुद्दाम तेच मागतात."

"आमचा कसला वाफा?" केतकी हसली. "आम्ही नुसते भागधारक. माझ्या मिस्टरांच्या कंपनीत सोडत निघाली होती, तीत लागला आमचा भाग."

मुलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "केतकी प्रणव खैरनार, माहेरच्या पगार. बरोबर? मग तुमचाच की. अरविंद नामदेव पगार, मागच्या कार्तिकातले. या ना, दाखवते. भोपळा असा धरलाय त्यांचा, बघत राहाल."

केतकी तिच्या मागून चालत गेली. काहीतरी घोटाळा झालाय, एवढंच तिला वाटत होतं. विटांची कड असलेला, गुडघाभर उंचीचा एक वाफा आला. कोपऱ्यात फरशीची पाटी होती. पाटीवर अण्णांचं नाव होतं, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख, दोन्ही अचूक. पाटीला टेकून एक लाल भोपळा ऐसपैस बसला होता आणि गवारीच्या झाडांवर कोवळ्या शेंगांचे घोस लटकले होते.

"ताई," मुलगी चाचरली, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

केतकी मटकन विटांच्या कडेवर बसली, आणि आपण कशावर बसलो हे लक्षात येताच चटका बसावा तशी उठली.

भूविसर्जन म्हणजे काय, हे आता नाशकातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या लाकडाच्या वखारीत, भुशाच्या ढिगावर, एक बुरशी सापडली. तिला नाव पडलं वखारबुरशी. एरवी बुरशी लाकूड कुजवते, त्यात नवल नाही. पण हिला लाकडातल्या कर्बाच्या जोडीला मांसातलं नत्र आणि चरबी मिळाली, की ती एक असं पाचक द्रव्य सोडायची, जे मातीत मुरलेल्या कीटकनाशकांचे रेणूच्या रेणू तोडून टाकायचं. तोपर्यंत जमिनींची अशी गत झाली होती, की शेतकऱ्याने फवारणी बंद केली तरी आधीच्या पन्नास वर्षांचं विष मुळावाटे भाजीत चढतच राहायचं. स्वच्छ जमीन औषधालाही मिळेना, म्हणून सेंद्रिय भाजी सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. ही बुरशी ते विष दोन महिन्यांत खाऊन टाकत होती.

आधी मेलेली जनावरं वापरून पाहिली. पण गोठेच ओस पडत चाललेले, आणि होती त्या जनावरांच्या अंगात औषधंच औषधं. मग कुणाला तरी स्मशानातल्या रांगा दिसल्या. लाकूड मिळत नव्हतं, विद्युतदाहिन्या अपुऱ्या पडत होत्या. एका बंद पोलादी पिंपात लाकडाच्या ढलप्या, काड, बुरशी आणि मधे देह. खालून हवा सोडायची. आतली उष्णता आपोआप साठ-सत्तर अंशांवर चढते, रोगजंतू मरतात, आणि उरते ती भुसभुशीत काळी माती. एका देहाच्या मातीने गुंठाभर जमीन निर्मळ होते. कायदा झाला, मोर्चे निघाले, 'देह द्या, घास घ्या' असे टोमणे मारणारे फलक लागले आणि मग सगळं थंडावलं. जी घरं देह देत, त्यांना त्या जमिनीतल्या भाजीचा वाटा जवळजवळ फुकट मिळे; आपली माती तयार होईपर्यंत तो जुन्या वाफ्यांतून येई.

हे सगळं केतकीला माहीत होतं. फक्त ते दुसऱ्यांच्या घरात घडतं असं तिला वाटत होतं.

तिथे उभ्या उभ्या तिला वर्षभरातलं एकेक जेवण आठवायला लागलं. पालकाची ताकातली पातळ भाजी. रेवाच्या डब्यातले मेथीचे पराठे. दिवाळीत शेजारी वाटलेली दुधीची खीर. आणि परवा भरलं वांगं इतकं छान झालं होतं, की ती स्वतःशीच म्हणाली होती, अण्णांना किती आवडलं असतं.

तिने भाजी घेतली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती घरापर्यंत पदराने हात पुसत राहिली.

*

रेवाला सहाव्या वर्षी अवशेषदाह जडला. हा आजार त्या पिढीचाच होता: अन्नातल्या औषधांच्या अंशांनी आतड्याचं अस्तर सोलवटून निघायचं. गोळ्या होत्या, पण खरा उपाय एकच, निर्मळ अन्न. "तिच्या पोटात फक्त सेंद्रिय गेलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. असं सांगून ते मोकळे झाले. कुरिअरच्या गोदामात पाळ्या करणाऱ्या बाईने आणि द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करणाऱ्या तिच्या नवऱ्याने ते कसं जमवायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

केतकीने ते जमवलं. गव्हाच्या जागी नाचणी आणि बाजरी आणली, कारण ती पिकं फवारणीशिवाय येत आणि त्यातल्या त्यात परवडत. सेंद्रिय बाजार उठायच्या वेळी जाऊन वाकडी गाजरं, चिरलेले टोमॅटो, किडीने चाखलेली वांगी उचलली. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, दोडक्याच्या शिरा, भोपळ्याची साल यांतलं काही फेकलं म्हणून नाही. सगळ्याची चटणी नाही तर थालीपीठ होई. रविवारी अण्णा सिन्नरहून यायचे ते पिशवीभर शेवग्याचा पाला, तांदुळजा, कुर्डू असं काहीबाही घेऊन. ते वीज मंडळात लाइनमन होते. कुठल्या माळावर काय उगवतं हे खांबांवर चढून चढून पाठ झालेलं. ते सगळं रेवाच्या ताटात. केतकी, प्रणव आणि प्रणवच्या आई मंदाकिनीबाई रेशनवरचं खात. एका घरात दोन चुली म्हणायच्या, फक्त गॅस एक होता.

तरीही पुरत नव्हतं. आठव्या वर्षी रेवाच्या शौचातून रक्त जायला लागलं आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ती तिथे असतानाच सिन्नरला अण्णांचं हृदय बंद पडलं. प्रणवने त्यांना त्याच हॉस्पिटलात आणलं. केतकी खाली आली, तिने अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वरून नर्सचा निरोप आला तशी ती परत जिना चढून गेली. बाकी सगळं प्रणवनेच केलं. दहाव्या दिवशी त्याने लाल फडक्यात बांधलेलं मडकं तिच्या हातात दिलं. रामकुंडावर तिने ते गोदावरीत सोडलं, कारण अण्णांनी तिच्या आईच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या आणि दरवर्षी पितृपक्षात तिथे आले की ते बजावायचे, "केतू, मलाही इथंच. दुसरीकडं कुठं नको."

महिन्याभरात भाजीची टोपली सुरू झाली.

*

प्रणव संध्याकाळी आला तेव्हा केतकी ओट्याशी उभी होती. मंदाकिनीबाई रेवाला घेऊन खाली बागेत गेल्या होत्या. फवारणीचे कपडे तो दाराबाहेरच उतरवत असे. रेवा आजारी पडल्यापासूनचा नियम होता तो.

"मी शेतावर गेले होते," ती म्हणाली. "अण्णांचा भोपळा बघून आले."

प्रणवच्या हातातला शर्ट तसाच राहिला. तो आत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. "सांगणार होतो," एवढंच म्हणाला.

"माझ्या संमतीशिवाय होत नाही ना हे? मी एकुलती एक. रक्ताच्या नातेवाइकाचा अंगठा लागतो. मी कधी दिला?"

तो वाकून पायातले मोजे काढू लागला.

"प्रणव, कधी दिला?"

"तू बाकावर झोपली होतीस. अतिदक्षता विभागाच्या बाहेर. दोन दिवस जागी होतीस." त्याचा आवाज खाली खाली जात होता. "तुझा फोन धरला आणि अंगठा टेकवला."

केतकीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिला वाटला.

"आणि मडक्यात? मी गोदावरीत काय सोडलं?"

"राख होती."

"कशाची?"

"गोवऱ्यांची. आईने चाळून दिली."

चाळून! म्हणजे आईंनाही ठाऊक होतं. त्या बाईने चाळण घेऊन बसून, खडे राहू नयेत म्हणून निगुतीने...

"त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नव्हतंस," प्रणव बोलू लागला, आणि आता त्याला थांबवत नव्हतं. "म्हणाले, घरी नेऊन पुन्हा तेच खायला घालणार असाल तर पुढच्या खेपेला हमी नाही. मी रोज काय फवारतो, केतकी? तेच. तेच तिच्या पोटात सापडलं. रिपोर्टात नाव होतं, माझ्या टाकीवर असतं ते. मी काय करायला हवं होतं? भाग विकत घ्यायला दहा वर्षांची रांग होती. आणि अण्णा तर... अण्णा गेलेच होते."

"मला विचारायचं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"कदाचित म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं."

खालून रेवाचं खिदळणं ऐकू येत होतं. वर्षापूर्वी हीच पोर पोट धरून जिन्यावर बसायची.

*

शनिवारी टोपली आली तशी केतकीने ती दारातूनच परत पाठवली. गुरुवारपासून तिने रेवालाही त्यातलं काही दिलं नव्हतं. बाजारात जाऊन तिने रेवासाठी होते तेवढ्या पैशांचं सेंद्रिय आणलं. ते दीड दिवस पुरलं. मग जुन्या युक्त्या काढल्या. पण वर्षभरात बाजारही बदलला होता. वाकडी भाजी आता संस्थाच उचलत होती आणि अण्णांचा शेवगा आणणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी रेशनच्या डाळीचं वरण आणि भात.

ती रविवारचं श्राद्धही करू शकली नाही. भटजींना फोन करून तिने तिथीऐवजी पुढचा रविवार घेतला. कारण काय, हे सांगितलं नाही.

बुधवारी शाळेतून फोन आला. रेवा वर्गात वाकून बसली होती, उठत नव्हती. केतकी तिला रिक्षात घालून घरी घेऊन आली. पोरीचं कपाळ घामाने थबथबलं होतं.

"आई, आपली निळी टोपली का बंद झाली?" रेवाने विचारलं. "मी काही केलं का?"

मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गेल्या गुरुवारपासून सासू-सुनेत एक शब्दही झाला नव्हता. आता त्या म्हणाल्या, "माझ्यावर राग काढ. त्याच्यावर काढ. पोरीच्या पोटावर काढू नकोस."

"तुम्ही राख चाळलीत, आई."

"चाळली," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रडत रडत चाळली. पण चाळली."

केतकीने रेवाला पांघरूण घातलं, गोळी दिली, आणि पायात चपला सरकवून ती शेतावर गेली.

*

डॉक्टर नलिनी गांगुर्डे या संस्थेच्या मृदाशास्त्रज्ञ. पन्नाशीच्या, हाताची नखं कायम काळी असलेल्या बाई. त्यांच्या प्रयोगशाळेत एका भिंतीला मातीच्या बरण्या होत्या आणि कोपऱ्यात एक लहान विटांची भट्टी. केतकीने बसल्या बसल्याच विचारलं, "त्या भाजीत माझे वडील किती आहेत?"

हा प्रश्न त्यांना नवीन नसावा. "खरं सांगू? ज्याला तुम्ही वडील म्हणता, त्यातलं काहीच नाही. पेशी नाही, गुणसूत्र नाही. बुरशी सगळं सुटं करते. नत्र, स्फुरद, पालाश, एवढंच. त्यातलं नत्र गवारीने घेतलं असेल, थोडं भोपळ्याने."

"म्हणजे थोडे आहेतच."

"ते नत्र वडिलांच्या अंगात तरी कुठून आलं होतं? कुठल्या तरी शेतातल्या डाळीतून. दहा वर्षांपूर्वीचे तुमचे वडील आणि शेवटच्या दिवसांतले वडील, यांच्या अंगातले बहुतेक अणू वेगळे होते. माणूस म्हणजे नदीतला भोवरा असतो. पाणी बदलत राहतं, आकार तेवढा टिकतो. आकार मोडला की पाणी पुढे जातं."

"त्यांना नदीतच जायचं होतं," केतकी म्हणाली. "त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं."

डॉक्टर गांगुर्डे चमकल्या. "मग तुम्ही संमती कशी दिलीत?"

"मी दिलीच नाही. मी झोपले होते. माझा अंगठा लावून घेतला."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्या उठल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"कोणी?" आणि लगेच हात वर केला. "नका सांगू. आधी माझं ऐका. खोट्या संमतीचा देह निघाला, तर मला आजच्या आज कळवावं लागतं. वाफा सील होतो. माती जप्त होते. तुमचा वाटा रद्द होतो, कायमचा. आणि ज्याने अंगठा लावला त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. मी अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं की नाही, ते तुम्ही सांगायचं."

केतकी बरण्यांकडे बघत राहिली. एका बाजूला अण्णा. सिन्नरच्या उन्हात खांबावर चढलेले, पट्टा कमरेला, खाली उभ्या असलेल्या लहान केतूला 'लांब हो' म्हणून ओरडणारे. आयुष्यभरात त्यांनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. दुसऱ्या बाजूला पांघरुणात गोळा झालेली नऊ वर्षांची पोर. प्रणवने हेच तर निवडलं होतं. पण त्याने ते तिच्या वतीने निवडलं होतं, ती झोपेत असताना, आणि निवडीचं ओझं तिच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. आज ते सगळं एकदम अंगावर आलं.

"नाही ऐकलंत," ती शेवटी म्हणाली. "मी आज संमती देते. जागेपणी. आणि मला एक ओंजळ माती हवी."

"माती बाहेर जात नाही. बुरशी पसरेल म्हणून सक्त मनाई आहे."

"भाजी तर जाते की."

डॉक्टर गांगुर्डे यांनी कोपऱ्यातल्या भट्टीकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "जिवंत माती जात नाही. भाजलेली गेली तर कोणी विचारणार नाही."

वाफ्यातली ओंजळभर माती केतकीने स्वतः काढली. थंड, ओलसर माती. हाताला चांगली वाटली आणि चांगली वाटली म्हणून तिला पुन्हा धक्का बसला. एका चिनी मातीच्या वाडग्यात ती घातली. बाईंनी भट्टीचं दार उघडलं. आत केशरी उजेड होता. वाडगा चिमट्याने आत सरकवण्याआधी त्या थबकल्या आणि त्यांनी चिमटा केतकीच्या हातात दिला.

तेव्हा कुठे केतकीच्या लक्षात आलं, आपण काय करतो आहोत. तिने वाडगा आत ठेवला. दार लागलं. वर्षभर उशिरा, पाचशे-सहाशे अंशांच्या त्या आगीत, अण्णांना अग्नी मिळाला, आणि तो त्यांच्या लेकीने दिला. केतकी स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

वाडगा निवला तेव्हा माती काळी राहिली नव्हती. विटकरी, हलकी, भुरभुरीत झाली होती.

"एक गोष्ट सांगून ठेवायला हवी," निघताना डॉक्टर गांगुर्डे म्हणाल्या. "सगळ्यांनाच सांगते. या मातीचा जोर चार वर्षं टिकतो. मग आजूबाजूच्या बागांमधलं औषध पुन्हा झिरपायला लागतं. त्यानंतर वाटा चालू ठेवायचा तर घरातून नवी भर लागते."

केतकीने मान हलवली. तिच्या मनात तेव्हा फक्त नदी होती.

*

रविवारी पहाटे ती एकटीच रामकुंडावर जाऊन आली. ओंजळ पाण्यात सोडली, पाणी तेवढ्यापुरतं तांबूस झालं आणि पुढे गेलं.

दुपारी श्राद्धाचा स्वयंपाक झाला. भटजी जेवून गेले. मग घरातली पानं मांडली. लाल भोपळा, गवार, कारलं, अळूची भाजी, वडे, खीर. बुधवारी शेतावरून येतानाच केतकीने भाजी आणली होती, शनिवारी निळी टोपलीही पुन्हा आली होती आणि रेवाच्या गालांवर थोडा रंग आला होता. तिला केतकीने सकाळीच, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, सगळं सांगितलं होतं. लपवाछपवी पुरे झाली होती. रेवाने डोळे विस्फारले होते, पुष्कळ वेळ विचार केला होता आणि विचारलं होतं, "मग आजोबांना दुखलं का?" नाही म्हटल्यावर ती खेळायला गेली होती.

प्रणव भिंतीशी बसला होता. "मला माफ केलंस?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली आणि त्याच्या पानात गवार वाढली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतीच माहिती होती.

मग ती स्वतः बसली. भोपळ्याच्या भाजीचा घास तिने हातात घेतला, नीट पाहिला आणि खाल्ला. भाजी गोड होती. प्रत्येक घास ती तसाच, समजून, खात गेली.

"मला अजून भोपळा," रेवा म्हणाली. तिने पान चाटूनपुसून लख्ख केलं होतं.

केतकी वाढायला उठली. पळी हातात घेऊन ती रेवाच्या पानाकडे वळली आणि नकळत मनात हिशेब सुरू झाला. चार वर्षं. त्यातलं एक गेलंच. राहिली तीन. तेव्हा रेवा बारा वर्षांची असेल, वाढीचं वय, त्या वयात तर अन्न जास्तच लागतं. आणि विचार करता करता तिची नजर सहज सरकली आणि समोर बसलेल्या मंदाकिनीबाईंवर जाऊन थांबली. एकाहत्तर पूर्ण. साखर वाढलेली. मागच्या महिन्यात पायावर सूज. डॉक्टर म्हणाले होते, जपायला हवं.

पळी हवेतच थांबली.

आपण काय मोजतो आहोत, हे केतकीच्या ध्यानात आलं. भिंतीशी बसलेला प्रणव खाली मान घालून भात कालवत होता. त्याला ती गेले दहा दिवस राक्षस समजत होती.

तिने नजर काढून घेतली, पण उशीर झाला होता. मंदाकिनीबाई तिच्याकडेच बघत होत्या. रागावून नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशा.

"मोजलंस?" त्यांनी विचारलं.

केतकी रेवाच्या पानात भोपळा वाढायला वाकली.

"मोज. लाजू नकोस." मंदाकिनीबाईंनी आपल्या पानातला वडा उचलून नातीच्या पानात ठेवला. "मी तर रोजच मोजते."